बारा डावांचं चाक

९ ऑगस्ट, शुक्रवार

नाहीच लागला! चाक फिरलं, पट्टा फिरला, गाडीचा जुना अल्टरनेटर फिरला — बल्ब काजव्याएवढा लाल झाला आणि गेला. प्लॅस्टिकचा पाइप कापून चाकाला वाट्या केल्या होत्या, त्यातल्या दोन पाण्याच्या माऱ्यानं तुटल्या आणि पऱ्यातून — डोंगरातल्या ओढ्याला इथे पऱ्याच म्हणतात — वाहत निघाल्या. मी त्यांच्यामागे धावलो. अठ्ठावन्नाव्या वर्षी! शेवाळावरून पाय सटकला, गुडघा फुटला.

पलीकडच्या दगडावर गंगाबाई म्हैस चारत बसली होती. तिनं सगळं बघितलं. हसली नाही.

"मेस्तरी, लागलं का?"

गुडघ्याचं विचारतेय की दिव्याचं, कळलं नाही.

१० ऑगस्ट

कणकण आहे. दिवसभर वाडीतल्या बंद पडलेल्या शाळेत पडून. बिस्किटं आणि पऱ्याचा आवाज.

१४ ऑगस्ट, बुधवार

खेडला परत. कुलूप उघडलं तर घराला कुबट वास. टीव्ही लावला. बघत नाही मी, नुसता लावून ठेवतो. बायकोला, कमळाला, जाऊन जूनमध्ये दोन वर्षं झाली. तिच्या माघारी घरात कोणीतरी बोलत असलं की बरं वाटतं.

आज मुंबईहून दीपेशचा फोन. "बाबा, त्या डोंगरात कशाला तडफडताय? सरकार आणेल की वीज."

आणेल. पण चौतीस वर्षं डेपोत गाड्यांचे दिवे लावले मी. गाडीचा दिवा गेला की लोक मला शोधत यायचे. मेमध्ये रिटायर झालो आणि शोधणंच बंद झालं. त्याआधी शिमग्याला पालखीबरोबर वरच्या वाडीत गेलो होतो. खाली अख्ख्या खोऱ्यात दिवे लागले आणि वर काहीच नाही. विजेचे खांब खालच्या गावाशीच संपतात. वाडीत सहा घरांतून धूर निघतो, बाकीच्यांना कुलपं. कोणीतरी सोलरचे दिवे देऊन गेलं होतं, पावसाळ्यात ऊन कुठलं? ते गंजून पडलेत. पण पऱ्या मार्चमध्येसुद्धा वाहत होता! चाळीस फुटांवरून पाणी पडतंय आणि लोक चिमणी लावून जेवतायत. डोक्यात तेच बसलं.

हे दीपेशला सांगितलं नाही. "बघतो," म्हणालो.

२० ऑगस्ट, मंगळवार

प्लॅस्टिक टिकणार नाही. स्टीलचं पाहिजे, गोल, खोलगट. स्वयंपाकघरात आमटी वाढताना एकदम लक्षात आलं — डाव! दांडा कापायचा आणि चाकाच्या कडेनं वेल्डिंग करायचं. बाजारात जाऊन बारा डाव घेतले.

दुकानदार म्हणाला, "घरात कार्य दिसतंय!"

"हो," म्हणालो. नाही म्हटलं असतं तर आणखी बोलावं लागलं असतं. तो मग कुणाचं, कधी, मुलगी कुठली, सगळं विचारत सुटला. मी चिपळूणची मुलगी सांगितली. घरी येईपर्यंत मलाच कसंतरी झालं. इतकं लांबलचक बोलणं किती दिवसांनी झालं होतं — आणि तेही खोटं.

२ सप्टेंबर, सोमवार

वाडीत. डावांचं चाक पाण्याखाली धरलं तर हातातून निसटेल इतक्या जोरात फिरलं. पण अल्टरनेटरला याच्या तिप्पट वेग लागतो. म्हणून मोठी पुली, लहान पुली, पट्टा. पट्टा भिजला की घसरतो. त्याला वरून पत्रा केलाय.

भागोजी आले होते. गंगाबाईचे थोरले दीर, वाडीत त्यांचा शब्द चालतो. काठी टेकून बराच वेळ बघत राहिले.

"पाणी परत पऱ्यात सोडणार ना? खाली आमचा भात हाय."

"थेंबभर कमी होणार नाही. नुसतं चाकावरून जाणार."

"मंग लागू दे. गणपतीला मुंबयची पोरं येतील. त्यांच्यादेखत लागू दे."

मी हो म्हणून बसलो. पाच दिवसांत!

शाळेच्या फळ्यावर अजून जुनी तारीख आहे. खाली "पट — ३". त्या तिघांचं पुढे काय झालं, विचारलं नाही. झोपताना रोज तो आकडा दिसतो.

७ सप्टेंबर, शनिवार

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिलं नाही तर सांगणार कोणाला?

वाडी भरली होती. बंद दारं उघडली, अंगणात पोरं, गाणी, नव्या साड्या. दिवेलागणीला भागोजींच्या पडवीत सगळे आरतीला जमले. मी खाली पऱ्यावर पाइपचा कॉक उघडला आणि पळत वर आलो. दिवे लागले! सहाही घरांत! पोरींनी टाळ्या वाजवल्या, लोकांनी मोबाइल वर धरले. भागोजींनी टोपी सारखी केली.

आरतीचं पहिलं कडवंही पुरं झालं नाही. दिवे फडफडले, पिवळे झाले, गेले. पट्टा निघाला होता.

मुंबईचा एक जण ओरडला, "मेस्तरी, उतरून धक्का मारायचा का?" सगळे हसले. वाईट हेतूनं नव्हे. मीही हसलो. मग कोणाला दिसणार नाही असा पऱ्यावर जाऊन बसलो.

मागून गंगाबाई आली. हातात कंदील आणि केळीच्या पानावर दोन मोदक. पान दगडावर ठेवलं, कंदील ठेवला. चाकाकडे बघत म्हणाली, "पट्टा नसताच तर?"

मी चिडलो. "पट्ट्याशिवाय फिरत नाही ते, बाई. तुम्हाला नाही कळायचं."

ती गेली. कंदील मात्र ठेवून गेली.

८ सप्टेंबर

कोणाला न सांगता खाली उतरलो.

१२ सप्टेंबर, गुरुवार

दीपेश, सून आणि नात सानवी गौरीला येऊन दोन दिवस राहून गेले. सानवी माझ्या हातावरचे वेल्डिंगचे डाग मोजत होती. आज गल्लीतले गौरी-गणपतीही गेले. शेजारचेही परत मुंबईला गेले. गल्लीत एकदम सामसूम. दोन माणसांचा भात लावला चुकून. उरला.

१७ सप्टेंबर

पट्टा नसताच तर?

२४ सप्टेंबर, मंगळवार

चिपळूणला भंगारवाल्याकडे गेलो. पुरात बुडालेलं सामान अजून मागच्या बाजूला पडलंय — फ्रिज, पंखे, शिलाई मशिनं. सगळ्यांवर वाळलेला चिखल. कोणाकोणाचे संसार! एक वॉशिंग मशीन होतं, नव्या पद्धतीचं. त्याची मोटर ताटासारखी चपटी, कडेनं लोहचुंबक. ड्रमला सरळ जोडलेली, मध्ये पट्टा नाही.

हातानं एक गिरकी दिली आणि दोन तारा जिभेला लावल्या. असला झटका बसला की डोळ्यांत पाणी आलं. हिला वेग लागतच नाही! चाक थेट हिच्यावरच बसवायचं. पट्टा नाही, पुली नाही.

चौतीस वर्षं अल्टरनेटर हाताळले म्हणून अल्टरनेटरच धरून बसलो. म्हैस चारणाऱ्या बाईला जे दिसलं ते मला दिसलं नाही. आणि वर तिलाच सुनावलं.

मोटर मांडीवर घेऊन परतीची गाडी धरली.

८ ऑक्टोबर, मंगळवार

लागले.

लागले आणि राहिले! दुपारी चारला कॉक उघडला. एक तास गेला, दोन गेले. मी घड्याळ बघत पऱ्यावरच बसून. हात लावून मोटर बघितली, गार. अंधार पडायच्या सुमारास वर गेलो. या वेळी कोणी जमलं नव्हतं, कोणाला बोलावलंच नव्हतं. मुंबईची माणसं कधीच गेली होती. म्हातारी तेवढी आपापल्या घरात.

भागोजी पडवीत तांदूळ निवडत होते. इतक्या उशिरा, उजेडात! मान वर न करता म्हणाले, "यात खडे लय हायत. आजवर खाल्ले म्हनायचे आमी." मग हसायला लागले. दात नसलेलं तोंड उघडून हसत राहिले. मग सूप खाली ठेवलं. भिंतीकडे बघत होते — धुरानं काळी झालेली भिंत, त्यांना नीट पहिल्यांदाच दिसत असावी.

गंगाबाईच्या दाराशी गेलो. "तुम्ही म्हणालात तेच खरं. पट्टा काढला."

"मना कळलं," ती म्हणाली. "आवाज बदललाय."

त्या दिवशी बोललो त्याची माफी मागायची होती. राहून गेली.

९ ऑक्टोबर

काम संपलं. आता वर जायला कारण नाही.

२८ ऑक्टोबर, सोमवार

वाडीतून काही निरोप नाही. चाललंय म्हणजेच निरोप नाही, हे मला डेपोपासून माहीत आहे. नीट चाललेल्या गाडीचा ड्रायव्हर कधी वर्कशॉपला येत नाही. तरी रोज फोन चार्ज करून ठेवतो.

दीपेशचा फोन आला. "दिवाळीनंतर इकडेच या कायमचे. सानवीची खोली मोठी आहे." मागे दोनदा नाही म्हणालो होतो. आज हो म्हणालो. तो म्हणाला, "खरंच?"

११ नोव्हेंबर, सोमवार

कमळाच्या साड्या वहिनीकडे दिल्या. गादी वाळवून गुंडाळली. घर भाड्यानं देणार. रविवारी संध्याकाळची गाडी. शेजारी म्हणाले, "चला, सुटलात!" कशातून ते विचारलं नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दारात गंगाबाई. एकटी. तीन तास डोंगर उतरून, मग पहिली गाडी धरून. डोक्यावर पोतं. ओट्यावर उतरवलं, सोडलं — आत चाक, मोटर, सगळं सुटं सुटं, एकेक नट फडक्यात बांधलेला.

"बंद पडलं?" मी विचारलं.

"न्हाय ओ, मेस्तरी. चालतंय बेस. मीच खोललं काल, सगळ्यांना इचारून. आज वाडी चिमणीत बसंल." पदरानं घाम पुसला. "मना सवताला जोडाया शिकवा. मग दुसरं करू. माझ्या माहेरी पन अंधारच हाय."

संध्याकाळच्या गाडीसाठी बांधलेली बॅग बाजूला सारून तिला पाणी दिलं. तिथे पाणी किती उंचावरून पडतं, विचारलं. तिनं मागे सरकून माझ्या घराचं कौलारू छप्पर बघितलं, आणि म्हणाली, "अशी दोन घरं."