खुंटीवरचा राखाडी स्वेटर

लांगहोल्मेन,
१९ जून

प्रिय ओडवार,

अनेक आशीर्वाद. मी खुशाल आहे, गुडघे सोडले तर. तू कॉफी सोडलीस असं मारित सांगत होती. माझा विश्वास बसला नाही. आपल्या घराण्यात कॉफी सोडून आजवर कुणी जिवंत राहिलेलं नाही.

तुझी ही लेक मारित दहा दिवस राहिली आणि धडधाकट परत गेली. तू तिला काही शिकवून पाठवलं नव्हतंस, हे तर उघडच होतं. सोळा मेला स्कारव्होगच्या धक्क्यावर उतरली ती लालभडक जाकीट घालून. म्हातारा टोरलेफ जाळी विणत बसला होता. म्हणाला, "रागनफ्रीद, बेटावर पाहुणी नेतेस की दीपस्तंभ?" मी म्हटलं, "तू तुझी जाळी बघ. माझ्या भावाची पोर आहे ती." हे मी जरा मोठ्यानेच म्हटलं, सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं.

सतरा मेची मिरवणूक तिनं शहरात पाहिली, वाफल खाल्ले, आणि दुपारी होडीत बसताना विचारलं, "आत्या, बेटावर झेंडा केवढा लावता गं?"

"मे महिन्यात आपल्याकडे झेंडा लावत नाहीत. फडफडणारं काही म्हणजे काही नाही. समुद्रातली रानबदकं अंड्यांवर बसलेली असतात, दचकली की उठून जातात."

"म्हणजे राष्ट्रीय सणसुद्धा बदकांना विचारून?"

"राजा आला तरी त्याला बदकांना विचारावं लागेल," मी म्हटलं. खाडीच्या तोंडाशी इंजिन बंद केलं आणि पुढचं सगळं अंतर मी वल्ही मारली. एकाहत्तराव्या वर्षी. पोरगी बघतच राहिली, आणि मीही तिला बघू दिलं.

यंदा त्र्याहत्तर घरट्यांत बदकं बसली, ओडवार. शेजारच्या तिन्ही बेटांवर मिळून तेवढी नाहीत. एकतीस वर्षांपूर्वी एकही उरलं नव्हतं. त्यानंतर नऊ वर्षं मी दर एप्रिलला रिकाम्या लाकडी घरट्यांत सुकवलेलं समुद्रशेवाळ अंथरत राहिले. लोक हसले. बाबासुद्धा म्हणाले, "पोरी, पुरे आता." दहाव्या वर्षी एक मादी आली. आत बसून तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू घर तिच्या बापाचं आणि मी भाडेकरू. मी शेडमागे जाऊन रडले. मोठ्यानं नाही, अर्थात.

मारितला लाल जाकिटात मी अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. बदकं माणूस नाही, कपडे ओळखतात, हे तुला मी काय सांगायचं! मग खुंटीवरचा तुझा राखाडी स्वेटर काढला. हो, तू टाकून गेलास तोच. एवढी वर्षं हंगामात मी तोच घालते. कोपरांवर ठिगळांवर ठिगळं आहेत. पण स्वेटर एकच. तो तिच्या अंगावर म्हटल्यावर मला घरातच बसावं लागलं. खिडकीतून पाहत होते. ती हळूहळू गेली, वाकली, घरट्यातली मऊ पिसं काढायला पहिल्या मादीच्या पोटाखाली हात घातला. मादी हलली नाही. एवढा अभिमान मला स्वतःचासुद्धा कधी वाटला नव्हता, आणि तो मला कमी वाटत नाही हे तू जाणतोस.

परत आली ती हसतच. "आत्या, त्यांना वाटलं, मी म्हणजे तूच."

"स्वेटर तुझ्या बापाचा आहे."

तिनं कोपरावरच्या ठिगळावरून हात फिरवला. मग म्हणाली, "बाबा म्हणतात, त्यांच्या इंजिनाच्या आवाजानं इथली बदकं गेली. या बेटाला तोंड दाखवायला त्यांना लाज वाटते."

मी कॉफी आणायला उठले. कॉफी आमच्या पुढ्यातच होती.

आता जे लिहिते ते तिला सांगितलेलं नाही. आधी तुला सांगायला हवं. एकतीस वर्षांपूर्वी त्या सकाळी तू नव्या मोटरबोटीनं आलास, त्याआधीच बदकं उठली होती. दुसऱ्या दिवशी पाद्रीबाई मुक्कामाला येणार होत्या. त्यांच्यासाठी मी माझी नवी पांढरी चादर धुतली आणि दोरीवर टाकली. अर्धाच तास, म्हटलं, कोण बघतंय. वारा सुटला, चादर फाडफाड वाजू लागली, आणि एकामागून एक सगळी बदकं अंडी टाकून समुद्राकडे निघाली. मी चादर ओढली आणि ओलीच पेटीत कोंबली. तेवढ्यात तुझं इंजिन ऐकू आलं. बाबा धावत आले आणि तुझ्यावर तुटून पडले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर दारात उभी राहून बघत होती.

मी इथली सगळ्यात चांगली राखणदार होते. माझ्या हातून असं होऊच शकत नव्हतं. म्हणून ते तुझ्या हातून झालं. बाबांच्या अंत्यविधीनंतर तू धक्क्यावर उभा राहून बेटाकडे पाहिलंस आणि दक्षिणेच्या बसमध्ये बसलास. मी तुझ्या शेजारीच उभी होते, ओडवार. तेव्हाही बोलले नाही. मला फार लाज वाटते.

मारितबरोबर पाठवलेली दुलई आपल्याच बदकांच्या पिसांची आहे, सगळी मी हातानं निवडलेली. अशी दुलई राजवाड्यातही नसेल. तिची खोळ त्या चादरीची आहे. कोपऱ्यात पिवळा डाग दिसेल. मारितला तो कॉफीचा वाटला. तो पेटीत ओलं कोंबल्याचा आहे.

पिल्लं परवाच समुद्रात उतरली. स्वेटर पुन्हा खुंटीवर आहे. एप्रिलमध्ये ये आणि तो घाल. धुवायचा मात्र नाही. तू घातलास की मला सबंध हंगाम खिडकीत बसावं लागेल.

बसेन.

तुझी थोरली बहीण,
आणि तू येईपर्यंतच या बेटाची राखणदार,
रागनफ्रीद