एका चुलीची जमीन

मी, नम्रता महिपत विशे, वय चोवीस, राहणार एकचूल वस्ती, टोकावडे, तालुका मुरबाड, येत्या सोमवारी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईला जात आहे. मन स्थिर आहे. थोडी भीती वाटते, पण लिहिते ती स्वतःच्या मनाने. कोणाच्या दबावाने नाही. माझी इच्छा अशी :

१. जमीन. बाबांनी धसईचा वाटा विकून १९९२ साली ही माळजमीन घेतली आणि अकरा घरांची वस्ती वसवली. एक चूल, एक कोठार, कोणाचे स्वतःचे काही नाही. पण सातबाऱ्यावर कोणाचे तरी नाव लागतेच. मोठ्या माणसाला मालकीची हाव सुटेल, म्हणून बाबांनी माझे लावले. मी सात वर्षांची होते. मीही मोठी होईन, मरू शकेन, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. आईबाबा आता नाहीत. मृत्युपत्र नसेल तर जमीन माझ्या एकुलत्या भावाकडे, दीपेशदादाकडे जाईल आणि ही घरे उघड्यावर येतील. म्हणून ती सगळी मी वस्तीच्या सहकारी शेती संस्थेला देते.

वस्तीतले धाऊकाका पंगतीत रोज विचारतात, "मालकीणबाय, मीठ वाढू का?" ते आता त्यांनी थांबवावे. मी हसते, पण मग मीठ घेत नाही.

२. कारभार. बाबांच्या मागे धान्य मापायच्या अधोलीतून चिठ्ठी काढली, ती माझ्या नावाची निघाली. त्यांची मुलगी म्हणून कोणी काही केले नाही ना, या शंकेने मी उरलेल्या चिठ्ठ्या उघडून पाहिल्या. सगळ्यांची नावे होती. पुढचा कारभारीही चिठ्ठीनेच निवडावा. मृत्युपत्राने देण्याची ती वस्तू नाही. कारभाऱ्याने सर्वांत शेवटी जेवावे, हा बाबांचा नियम राहू द्यावा. फक्त चूल सांभाळणाऱ्या सकुबाईने त्याच्यासाठी भाजी झाकून ठेवावी. मला पुष्कळदा नुसता रस्सा मिळाला.

३. दीपेशदादा. "तुमच्या एका चुलीवर माझ्या पोरांचं शिक्षण नाय शिजायचं," म्हणून तो आटगावला निघून गेला. बाबांच्या दिवसांना आला, पण इथे जेवला नाही. त्याचा मला अजून राग आहे. तरी वस्ती सोडून गेलेल्याचे ताट फळीवरून काढायचे नाही, अशी आमची रीत. त्याचे ताट मीच घासते. ज्या सुपात राख पसरून आईने आम्हा दोघांना अक्षरे शिकवली, ते सूप त्याच्या मुलांना द्यावे. वस्तीला विचारले आहे.

४. साक्ष. या कागदाने ज्याचे जाते, त्यानेच साक्ष द्यावी, म्हणून दादाला निरोप धाडला आहे. सकुबाई म्हणते, "नाय आला तर काय करशील गो?" तर धसईच्या वाळूमामांना बोलवीन. पण रविवारपर्यंत त्याची वाट पाहीन. दुसरे साक्षीदार टोकावड्याचे भगीरथ देसले. दोघेही समोर बसल्याशिवाय सही करणार नाही.

ठिकाण : एकचूल वस्ती
रविवार, १५ नोव्हेंबर २००९
सही : नम्रता महिपत विशे

आमच्यासमोर सही केली :
१. भगीरथ देसले, टोकावडे
२. दीपेश महिपत विशे, आटगाव. वाचले, कबूल आहे. नमू, आज जेवूनच जातो.