सखारामकाकांच्या शेडवर

छत्रपती संभाजीनगर,
मंगळवार

प्रिय करुणा,

पंचेचाळीस वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट न उघडताच बाजूला ठेवशील, अशी भीती आहे. उघडलंस तर शेवटपर्यंत वाच. नववीच्या स्नेहसंमेलनानंतर आपण बोललो नाही. कारण तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. मी ते कधी कबूल केलं नाही. आज करायचं आहे. पण आधी तुझ्या वडिलांच्या शेडवरचं सांगते, म्हणजे मला थोडा धीर येईल.

आमच्या गल्लीत पाइपलाइनसाठी खोदकाम चालू आहे. परवा जेसीबी मध्येच थांबला आणि त्याची बकेट काढून टेम्पोत चढवली. मी चालकाला, कडूबाला विचारलं, नवी आणणार का? तो म्हणाला, नवी कशाला बाई, मुकुंदवाडीला सखारामबाबाच्या शेडवर नेतो, जुनीच लई दणकट करून देतेत. नाव ऐकलं, घरात आले, चपला घातल्या आणि रिक्षा केली. बकेट दुरुस्त कशी करतात ते बघायला जातेय, असं स्वतःला बजावत होते.

आणि खरंच बघत बसले गं. तुझा धाकटा भाऊ बुद्धभूषण, जो मी पाळण्यात पाहिला होता, तो आता केस पिकलेला कारागीर आहे. मी कोण हे न विचारता त्यानं मला वेल्डिंग बघायला काळी काच दिली. बकेटच्या ओठाला, म्हणजे माती कापणाऱ्या कडेला, तडा गेला होता. मला वाटलं, वरून पट्टी ठोकतील. तर त्यानं तडा तळापर्यंत कोरून काढला, शेजारचं लोखंड गॅसच्या ज्योतीवर तापवलं, मग थोडं इकडे, थोडं तिकडे असं भरत गेला. एका दमात भरलं तर पत्रा ओढला जातो म्हणे. वेल्डिंगच्या काड्या गरम पेटीत ठेवतात, कारण त्या हवेतली ओल धरतात. आणि बाहेरून कठीण धातूच्या रेघांची जाळी काढतात. मी विचारलं, सगळा पत्राच का नाही मढवत? तो हसला. जाळीच्या चौकटीत माती दडपून बसते आणि तीच पत्रा झिजू देत नाही. माती मातीला अडवते, करुणा! शाळेत हे कुणी का शिकवलं नाही?

कोपऱ्यात खाटेवर काका बसले होते. नजर जवळजवळ गेलीय, पण कान शाबूत. काम चालू असताना मध्येच म्हणाले, भूषण, आवाज तुटायलाय, हात हळू घे. खरोखर तिथं भोकं राहिली होती. पोरानं ती मुकाट्यानं घासून पुन्हा भरली.

आता ते. तुमच्या घरी रविवारी मी पिठलं-भाकरी खायची, माझ्या घरी मात्र मैदानावर होते म्हणून सांगायची, कारण तुमच्याकडचं खाल्लेलं आईला चाललं नसतं. संमेलनाच्या दिवशी काका कामावरून तसेच आले, शर्टाला ठिणग्यांची भोकं. मला पाहून त्यांनी हात उंचावला, नावानं हाक मारली. शेजारी आई होती. तिनं विचारलं, कोण गं? मी म्हणाले, शाळेचा शिपाई असेल, मी नाही ओळखत. मागे तू उभी होतीस, हातात बक्षिसाचं पुस्तक. काकांनी हात खाली घेतला, तेही तू पाहिलंस.

परवा निघताना मी भूषणला काड्यांबद्दलच काहीतरी विचारत होते, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, उमा हाय ना ही? आवाज तसाच हाय. मी जवळ गेले. त्यांनी माझा हात चाचपून धरला आणि हळूच विचारलं, रविवारचं तुझ्या आईला कळलं तर नव्हतं ना, पोरी? मला लई घोर होता. इतकी वर्षं त्यांना माझी काळजी होती. मी नाही म्हणाले आणि घरी आले. त्यांची माफी मी काल जाऊन मागितली. ते म्हणाले, मला कशाला, करुणाला लिही. पत्ताही त्यांनीच भूषणकडून लिहवून दिला. म्हणून हे पत्र. मी त्यांना ओळखत होते, करुणा, तुझ्यासमोर खोटं बोलले.

तू म्हणू दिलंस तर तुझीच,
उमा