भोसरी क्लचमध्ये कशी बसेल, बाई?

बाई, आज ऑफिसात तुमचा विषय निघाला, आणि तो मीच काढला. तळवड्याच्या आमच्या कंपनीत संगणक गॅरेजचे रिपोर्ट वाचतो आणि त्यातून आपोआप माहितीचं जाळं विणतो: कुठला पार्ट कशात बसतो, कोण बनवतं. विणताना भलत्याच गाठी मारतो. तर्काचे नियम लावून त्या शोधायच्या, हे माझं काम. आणि तिचंही. हो, तीच, तुमची लाडकी. हल्ली ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते.

आपल्याकडचे मेकॅनिक पार्टला तो जिथे बनतो त्या जागेच्याच नावाने ओळखतात. एका रिपोर्टात होतं, "क्लचची जुनी प्लेट काढली, भोसरी टाकली." झालं, संगणकाने भोसरीला क्लचचा पार्ट ठरवून टाकलं. भोसरी हे ठिकाण आहे, हेही त्यालाच ठाऊक. एकच गोष्ट ठिकाण आणि पार्ट दोन्ही असू शकत नाही, हा नियम मी लावला, विसंगती पकडली आणि नोंद उडवायला निघाले. ती म्हणाली, "अगं थांब, उडवतेस काय? क्लचमध्ये काहीतरी बसवलंय ना? भोसरी बसणार नाही, म्हणजे भोसरीत बनलेली प्लेट बसवली असणार." तिने नोंद तशी दुरुस्त केली. साहेब खूश. माझ्या पोटात दुखलं, आठवीत दुखायचं तस्संच.

तुमचं चिंचवडचं स्वयंपाकघर, तीच आमची शिकवणी. तुम्ही पोळ्या लाटताय, आम्ही दोघी खाली चटईवर भूमिती सोडवतोय. मला माझ्या सिद्धतेत चूक सापडते आणि मी पान भरून काट मारते. "एक चूक सापडली म्हणून सगळंच खोडायचं का गं? त्यातलं खरं काय उरतं ते बघ ना!" तुम्ही माझ्यावर रागावता, आणि तव्यावरची पहिली पोळी तिच्या ताटात पडते. तुमचा तो पितळी कंपासही शेवटी तिलाच मिळाला.

म्हणून आज तिला मुद्दाम म्हटलं, "हे बाईंचंच ना, खरं काय उरतं ते बघ?"

"कुठल्या बाई?" तिने स्क्रीनवरून नजरही काढली नाही. मी कंपासची आठवण करून दिली. "हां, त्या होय! तो कंपास कुठे गेला कोण जाणे. बऱ्या आहेत ना बाई?"

तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली! हे पत्र काही कुठे जाणार नाही, म्हणून सांगते. मी तिला म्हटलं, "हो, बऱ्या आहेत." तुम्ही गेल्याचं दुःख तरी मला तिच्याबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं.