तीन डमी आणि काळीचा कान

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि माझा राग अजून गेलेला नाही. दर वर्षी तुमचा मुलगा आपल्या कुत्रेवाल्यांच्या ग्रुपवर तुमचा फोटो टाकतो, खाली सगळे हात जोडतात. मी एकदाही जोडले नाहीत. आज लिहायला बसले, कारण परवा रविवारी मी तुमच्या नावाचा चषक जिंकले आणि तो कसा जिंकले हे तुम्हाला कळायलाच हवं.

मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या अलीकडच्या माळावर तुम्ही रविवारी सकाळी सहाला उभे असायचात. बोटीवरची नोकरी संपवून आलेले, गळ्यात शिट्टी, हातात वेत. परदेशात रिट्रीव्हर कुत्र्यांच्या स्पर्धा बघून आलेला आमच्या ओळखीतला एकमेव माणूस. आपल्याकडे शिकारीला बंदी, म्हणून पक्ष्याच्या जागी कॅनव्हासची डमी. कुणीतरी ती लांब फेकायची, कुत्र्याने आपल्या पायाशी बसून ती कुठे पडली ते बघायचं आणि सोडल्यावर सरळ जाऊन आणायची. एक डमी कुणालाही जमते, तुम्ही म्हणायचात, खरा खेळ तीनचा. तीन दिशांना तीन पडतात. कुत्रं आधी शेवटी पडलेलीकडे धावतं, आणि ती घेऊन येईपर्यंत बाकीच्या दोन जागा त्याने डोक्यात धरून ठेवायच्या. ऐकून मी भारावून गेले होते. मी घाटकोपरच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढणारी, तुम्ही मला 'ए सुईवाली' म्हणायचात आणि मला तेही आवडायचं.

माझी काळी लॅब्रेडॉर तेव्हा दोन वर्षांची होती. एक डमी ती हसत आणायची. दोन फेकल्या की एक आणायची आणि दुसरी विसरून माझ्या तोंडाकडे बघत बसायची. चार रविवार असंच झालं. पाचव्या रविवारी तुम्ही आमच्याकडे येता, "घट्ट धर, हलू देऊ नकोस" म्हणून तिचा पट्टा माझ्या हातात देता, आणि तिच्या कानाची पाळी पट्ट्याच्या बकलवर ठेवून अंगठ्याने दाबता. काळी किंचाळते. तोंड उघडलं की तुम्ही डमी आत सारता. मग पुन्हा कान. पंधरा-सोळा माणसं आपापली कुत्री घेऊन गोल उभी आहेत, एकही जण बोलत नाही. मी म्हणते, "सर, पुरे ना." तुम्ही वर न बघता म्हणता, "कुत्री हुशार आहे गं. मंद तू आहेस. हिला शिकवायला निघालीय! जा, सुया टोच लोकांना." तेव्हा मात्र सगळे हसले.

घरी आल्यावर काळी पलंगाखाली शिरली. आई तिची ताटली पुढे सरकवून खाली वाकून बघत होती. "गो, हिका काय केलंस? खायना कित्याक ही?" काळी दोन दिवस बाहेर आली नाही. त्यानंतर काळी नऊ वर्षं जगली, आणि त्या नऊ वर्षांत तिने तोंडात काही म्हणजे काही धरलं नाही. त्याआधी ती रोज सकाळी आईची चप्पल आणून द्यायची. आता सोसायटीत पोरांनी चेंडू फेकला तरी जमिनीला चिकटून बसायची, कान मागे पाडून.

तुम्हाला दाखवून देईन असं मी ठरवलं होतं. तुम्ही थांबला नाहीत. दीड वर्षात, त्याच माळावर छातीत कळ येऊन गेलात. सगळे रडले. मला फसवल्यासारखं वाटलं.

काळी गेल्यावर मी पिवळी लॅब्रेडॉर आणली आणि सगळं तुमच्या उलट करायला घेतलं. डमी फेकायला एका टोकाला माझा भाऊ, दुसऱ्या टोकाला लॅबमधली मैत्रीण. आधी लांबची डमी एकटीच, तीन वेळा, जागा पाठ होईपर्यंत. मग तीच पुन्हा, आणि तिच्यानंतर जवळची एक. जवळची आणून पिवळी माझ्या डाव्या पायाशी बसते, आणि तिची मान लांबच्या जागेकडे वळेपर्यंत मी गप्प उभी राहते. कान टवकारले, की सोडते. विसरली तर भाऊ तिकडून हात हलवतो, हाक मारतो, तिला आठवतं. तीनपर्यंत यायला चौदा महिने लागले. मैत्रीण एकदा म्हणाली, "यार, एवढा राग डोक्यात ठेवून हिच्यावर साधा आवाजही चढवत नाहीस, कसं जमतं गं तुला?" मी म्हटलं, "राग हिच्यावर कुठे आहे?"

परवा गोराईच्या स्पर्धेत तुमचा मुलगा माझ्या आधी उतरला. त्याचं कुत्रं पहिली डमी घेऊन आलं, दुसऱ्या डमीकडे निघालं, अर्ध्या वाटेत घाबरून तिसरीकडे वळलं आणि दोन्ही हरवून बसलं. तुमचा मुलगा तुमच्याच आवाजात ओरडला. कुत्रं पोटावर सरपटत परत आलं. मला वाईट वाटायला हवं होतं ना? कुत्र्याचं वाटलं. मग पिवळीने तिन्ही आणल्या. तिसऱ्या वेळी ती बराच वेळ नुसती बसली होती, माणसं कुजबुजायला लागली, आणि मग तिची मान हळूच वळली.

चषक तुमच्या बायकोच्या, काकूंच्या हातून होता. वाकल्यात आता, काठी घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "तू ह्यांचीच विद्यार्थिनी ना गं? बोल की दोन शब्द ह्यांच्याबद्दल." माइक माझ्या हातात आला आणि मी बोलले. कान, बकल, किंचाळणं, पलंगाखालचे दिवस, चप्पल, सगळं. तुमचा मुलगा पुढे आला. "बस झालं हां. बाबा नाहीयेत आता." मी म्हटलं, "काळीपण नाहीये." काकू खुर्चीवर बसल्या, काठी खाली पडली, कुणीतरी पाणी आणलं. तरी मी माझं शेवटचं वाक्य पूर्ण केलं.

हे पत्र कुठे टाकायचं, तुमचा काही पत्ता नाही, आणि काकूंच्या पत्त्यावर पाठवण्याइतकी मी वाईट नाही. निदान असं मला वाटतं. परत येताना मैत्रीण म्हणाली, "म्हातारीसमोर नको होतं गं." मी म्हटलं, "तोंडातून निघून गेलं." ते खोटं होतं, सर. ते भाषण मी तीन महिने आरशासमोर म्हणून बघत होते. काकू येणार हे मला माहीत होतं. त्या येणार नसत्या, तर मी स्पर्धेत नावच दिलं नसतं.