रोज वीतभर

दि. ३ मार्च

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

मला सातवा लागला. पाय सुजलेत, बाकी ठीक. तुझ्या ढोल्याची तयारी जोरात चालू आहे. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, बाळ आल्यावर कुत्र्याला एकदम खोलीबाहेर काढलंत तर तो बाळावर राग धरेल, आत्तापासूनच सवय करा. म्हणून त्याचं अंथरूण माझ्या पलंगापासून रोज वीतभर दाराकडे सरकवते. लाडही थोडे थोडे कमी केलेत. तुझे भावजी उशी कापडात गुंडाळून जोजवत घरभर फिरतात, तेव्हा ढोल्या त्यांच्याकडे असा बघतो, की यांनाच डॉक्टरकडे न्या. जेवत जा वेळेवर.

तुझी ताई

दि. ११ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

वाचून डोकं फिरलं. तोंडावर गोड बोलायचं आणि खालून अंथरूण ओढायचं, याला दगाबाजी म्हणतात! ढोल्या मी विश्वासानं तुझ्याकडे ठेवलाय. त्याला समोर बसवून एकदाच दटावलं असतंस तरी चाललं असतं.

असो. समोरच्या चष्मेवाल्यांच्या मुलीला माझी पाकिटं पोचवतेस ना? आधी तिची चार-चार पानं यायची, मग दोन, आता नुसतं कार्ड : तब्येत सांभाळ. परीक्षा जवळ आली असेल. तिला लवकर मागणी घालता यावी म्हणूनच तर कॉलेजला लाथ मारून या सुतारखान्यात रंधा मारतोय. बाळाच्या पलंगाचे कठडे आठवड्यात पाठवतो. रागात आहे, तरी लोभ असावा.

तुझा भाऊ

दि. २ एप्रिल

चि. धाकट्यास अ. उ. आ.

कठडे पोचले, गुळगुळीत झालेत. ढोल्या आता उंबऱ्याशी झोपतो, कुरकुरतसुद्धा नाही. पाकिटं देते रे बाबा. पण रोज कशाला लिहितोस? आठवड्याला एक लिही, मग पंधरवड्याला. मुलींना शंभर कामं असतात. तिथल्या मित्रांबरोबर फिर जरा.

ताई

दि. १५ एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार लिहायला हात उचलत नाही. काल तिचा मामा आमच्या मालकांकडे पलंग सांगायला आला होता. भाचीच्या लग्नाचा. माप मीच लिहून घेतलं, साडेसहा बाय पाच. लग्न जानेवारीतच ठरलं म्हणाला, आणि बोलणी करायला समोरचे शेजारी, म्हणजे तू आणि भावजी, होतात म्हणे.

जानेवारीत, ताई!

मग तुझी पत्रं पुन्हा काढून वाचली. रोज लिहू नकोस, मित्रांबरोबर फिर. तिकडून तिची पानं कमी होत होती. तुम्ही दोघींनी मिळून मला वीतवीत करत दाराबाहेर नेलंत, आणि मी मूर्ख ढोल्याची कीव करत बसलो. तिचं सोड, ती परकी. पण तू बोट धरून मला शाळेत नेणारी. एकदा सरळ सांगितलं असतंस तर भिंतीवर डोकं आपटलं असतं, दोन दिवस जेवलो नसतो, आणि उठलो असतो. एवढीही खात्री नव्हती माझी?

पलंग मीच करणार आहे. मालकांना नाही कुठल्या तोंडानं म्हणू? बाळ आल्याचं मात्र त्याच दिवशी कळव, मला त्याची सवय करून देऊ नकोस.

खाली लोभ असावा असं लिहिणार होतो. पण तो तू कधीपासून कमी करत आणलायस, ते आधी सांग.