कोचावर आडवं होऊन पाहण्याची आपली पद्धत

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून लिहितो आहे, कारण कंबर धरली आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला थांबला, की औषध देणारेच थकले? तुझी भावजय ठणठणीत आहे. मीही ठीक होतो, म्हणजे परवापर्यंत. परवा एका शिकल्यासवरल्या बाईने मला, मीच दुरुस्त केलेल्या कोचावर निजवून, आपल्या आईबाबांवरून नाही नाही ते ऐकवलं. तेव्हापासून तळपायाची आग मस्तकात गेली आहे. घरात बोलायची सोय नाही, म्हणून तुला लिहितो.

झालं असं. इथे मनाच्या डॉक्टर म्हणून एक बाई आहेत. त्यांचा कोच दुरुस्तीला आला होता. पेशंटने त्यावर पडून बोलायचं आणि बाईंनी उशाकडे, त्याला दिसणार नाही अशा खुर्चीत बसून ऐकायचं, असा तो व्यवसाय. (नुसतं ऐकण्यावर पोट भरतं हे वेळेवर कळलं असतं, तर मी गाद्या कशाला भरल्या असत्या? गिऱ्हाइकांचं आयुष्यभर ऐकतोच आहे.) पट्टे बदलले, स्प्रिंगा नव्याने बांधल्या, काथ्या पिंजून भरला आणि कोच त्यांच्या खोलीत नेऊन ठेवला. आता बाबांचा नियम तुला माहीत आहे. बसायची वस्तू बसून आणि झोपायची वस्तू झोपून पाहिल्याशिवाय हवाली करायची नाही, आणि तेही गिऱ्हाइकाच्याच जागेत, कारण प्रत्येकाची जमीन वेगळी. त्याप्रमाणे मी चपला काढून आडवा झालो आणि डोळे मिटले, कारण कुठली स्प्रिंग कुरकुरते ते डोळे उघडे ठेवून ऐकू येत नाही. नेमका त्याच वेळेला बाईंकडे एक नवा पेशंट यायचा होता. (कोचाचं काम ठरवायला आमचे चिरंजीव गेले होते. बाईंनी मला कधी पाहिलंच नव्हतं.) मागे खुर्ची सरकली आणि मऊ आवाजात कुणीतरी म्हणालं, "सावकाश सांगा. अगदी लहानपणापासून सांगितलंत तरी चालेल."

मला काय वाटणार, तूच सांग. मला वाटलं, काम पसंत पडलं आणि बाईंना कारागिराची चौकशी करायची आहे. असं विचारणारं गिऱ्हाईक जन्मात पहिल्यांदा भेटलं, म्हणून मी सुरू झालो. बाबांनी दाभण कसं धरायला शिकवलं ते सांगितलं. खिळे तोंडात धरून एकेक जिभेने पुढे कसा आणायचा, वाकडे झालेले ठोकून सरळ करून डब्यात कसे जपायचे, तेही सांगितलं. मी भरलेल्या गादीवरून बाबा तळहात फिरवायचे, "पुढचं घे" म्हणायचे आणि निघून जायचे, हे सांगितलं. (का सांगितलं? कोच फार चांगला झाला होता, ताई. त्यावर पडलं की माणूस बोलत सुटतो.) मग गाडी चिरंजिवांवर आली. तो काथ्या सोडून स्पंज भरायला लागला, तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं उरलं आहे, आणि पुढच्या महिन्यात तो मोठ्या फर्निचर कारखान्यात नोकरीला निघाला आहे, इथपर्यंत मी आलो. तेवढ्यात दार वाजलं आणि खरा पेशंट उगवला.

बाई ओशाळल्या, हे कबूल. त्यांनी माफी मागितली, पेशंटला बाहेर बसवलं. पण तिथेच थांबतील तर शपथ. ऐकलंच आहे तर दोन शब्द सांगते, म्हणाल्या. खिळे तोंडात धरता, म्हणजे तान्हेपणी तोंडाचं सुख अपुरं राहिलं असावं. अंगावरचं दूध लवकर तोडलं होतं का? वाकडे खिळेसुद्धा टाकवत नाहीत, म्हणजे शी-शूची शिस्त फार कडक लागली असावी. ताई, मी साठीला टेकलेला माणूस. मी म्हटलं, एका हातात हातोडी आणि दुसऱ्यात ताणलेलं कापड असतं, खिळे काय कानात धरू? तर म्हणे, प्रत्येक गोष्टीला कारण तयार ठेवणं हासुद्धा मनाचा बचावच असतो. मी चिडलो, तर म्हणाल्या, हा राग माझ्यावरचा नाही, तुमच्या वडिलांवरचा आहे. मी गप्प बसलो, तर बघा, आता मन वाट अडवतंय. म्हणजे बोललं तरी त्याच जिंकणार आणि न बोललं तरी त्याच. आमच्या धंद्यात कोच कुरकुरला तर चूक आमची असते, गिऱ्हाइकाच्या आईची नसते.

कळस पुढेच आहे. त्यांचं म्हणणं, प्रत्येकाच्या आत तिघं राहतात. एक नुसता हवं-हवं करणारा, एक सतत दटावणारा, आणि मधला बिचारा दोघांची समजूत काढत दिवस ढकलणारा. दटावणारा बाहेरून येतो, पोर लहान असतानाच, बहुतेक आईवडिलांच्या आवाजात, आणि वडील गेले तरी तो मुक्काम हलवत नाही. "तुमच्या मुलाशी अजून तुमचे वडीलच बोलताहेत," असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. मी उठलो, चपला घातल्या (उलट्या, हे घरी आल्यावर कळलं) आणि चालू पडलो. बाबांसारख्या देवमाणसाबद्दल असं बोलायची हिंमत होतेच कशी? तू थोरली, तुला सगळं आठवतं. त्या बाईंना एक खरमरीत पत्र लिही आणि आपलं लहानपण किती गोडीगुलाबीचं गेलं ते त्यांना कळू दे. भावजींना नमस्कार.

तुझा संतापलेला
धाकटा

ता. क. दूध लवकर तोडलं होतं का, तेवढं कळव. नुसतं माहितीसाठी.

दुसरा ता. क. बाईंना पत्र लिहायची घाई करू नकोस. बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्याही भरायच्या आहेत असा त्यांचा काल निरोप आला. काम धरलं आहे. मधूनमधून मला तिकडे जावं लागेल.

तिसरा ता. क. चिरंजिवांनी काल एक खुर्ची भरली, स्पंजचीच. तो जेवायला गेला तेव्हा मी बसून पाहिली. फार चांगली झाली आहे, ताई. संध्याकाळी त्याने विचारलं, कशी झालीय? माझ्या तोंडून एवढंच निघालं की खुर्चीचे पाय पुसून घे. त्याने पुसले. तो जायच्या आत मला त्याला सांगायचं आहे, पण आपल्या घरात हे कुठल्या शब्दांत सांगतात तेच मला ठाऊक नाही. माझ्या माघारी बाबा माझ्या कामाबद्दल तुझ्याजवळ कधी काही बोलले असतील, तर ते जसंच्या तसं लिहून पाठव. आणि बोलले नसतील, तरीही लिही. त्यांच्या तोंडी शोभेल असं लिही, मी विचारणार नाही.